पंढरी बघून झाली का?

श्रीक्षेत्र पंढरपुराहून माणूस परत आला, की आमच्या विट्याच्या पेठेत पूर्वी त्याला एकच प्रश्न विचारीत : "दर्शन नीट झालं का, माऊली?" मग त्याच्याजवळचा बुक्का कपाळी लावून आणि चुरमुऱ्याचा प्रसाद तोंडात टाकून मंडळी आपापल्या कामाला लागत. अलीकडे ह्या प्रश्नाच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न येऊ लागला आहे : "काय काय बघितलं?" विचारणारा स्वतःच यादी सांगतो. कैकाडी महाराजांचा मठ बघितला का, यमाई तलावाकाठचं तुळशी वृंदावन बघितलं का, विष्णुपद, गोपाळपूर, होळकरांचा वाडा, शिंद्यांचं द्वारकाधीशाचं मंदिर? सांगणारा बोटे मोजीत जातो आणि शेवटी समाधानाने म्हणतो, "झाली बघून पंढरी."

वाचकहो, ह्या तीन शब्दांवर आमच्या भजनी मंडळात चांगलीच वादावादी झाली. वयाने वडील असलेल्या एका वारकरीबुवांचे म्हणणे असे, की हे सारे सहलीचे चाळे होत. पांडुरंग सोडून पंढरीत बघायचं ते काय? विटेवरचा बघितला की डोळ्यांचे काम संपले. त्यावर एक तरुण गृहस्थ म्हणाले, "बुवा, बघण्यात पाप काय आहे? देवानं डोळे दिले ते मिटून ठेवायला?" दोघेही आमच्या आदरातले. पण तीर्थक्षेत्री जाऊन प्रेक्षणीय स्थळे पाहणे हा दोष आहे की नाही, हा प्रश्न इतक्या लवकर कोणाच्याही बाजूने मिटवावा असा नाही. त्यात वरवर दिसते त्याहून जास्त गुंतलेले आहे.

पहिल्याने वडीलबुवांच्या म्हणण्याकडे वळू. आपल्या संप्रदायाने नुसते गाभाऱ्यात जा आणि परत फिरा असे कधी शिकविलेले नाही. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन, नगरप्रदक्षिणा, मग कळसाचे किंवा श्रींचे दर्शन, असा आपला क्रम. नगरप्रदक्षिणा म्हणजे तरी काय? गावाच्या गल्ल्यांतून पायी हिंडणेच ना? आषाढी पौर्णिमेला काल्यासाठी दिंड्या गोपाळपुरास जातात. मार्गशीर्षात तर प्रत्यक्ष देवच देऊळ सोडून विष्णुपदावर जाऊन राहतात असे आपण मानतो, आणि त्या महिन्यात भाविक तिकडे शिदोऱ्या घेऊन वनभोजनास जातात. नदीकाठ, मोकळी हवा, भाकरी-पिठलं, पोरांची पळापळ. यास कोणी सहल म्हणाले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही. जिथे देवालाही वर्षातून एकदा बाहेर पडावेसे वाटते, तिथे माणसाने डोळे मिटून चालावे असे म्हणण्यास आमची जीभ उचलत नाही.

दुसरी गोष्ट जरा अवघड आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'पाहण्यात काय आहे?' असे म्हणणे ज्याला कोणी कधी अडवले नाही त्यालाच शोभते. महाद्वारासमोर चोखोबारायांची समाधी आहे. ज्यांनी आयुष्यभर पंढरीची वाट चालली, त्यांना देवळाचा उंबरा ओलांडू दिला गेला नाही. मंगळवेढ्यास कुसू कोसळून त्यांचा अंत झाला, नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणल्या, असे परंपरा सांगते. आणल्या त्याही पायरीपाशीच राहिल्या. पुढे शतके गेली तरी कोट्यवधी माणसांसाठी विठ्ठलाचे रूप ही ऐकण्याची गोष्ट होती, बघण्याची नव्हती. १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरीतच तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. ते उपोषण कशासाठी होते? माणसाला आपला देव डोळ्यांनी बघता यावा एवढ्यासाठीच ना? तेव्हा बघण्याच्या इच्छेला हलकी म्हणू नये. ती फार मोल देऊन मिळालेली आहे.

म्हणजे तरुण गृहस्थांचा पक्ष खरा झाला का? तसेही नाही. बघावे हे कबूल. पण 'बघून झाली' ह्यातल्या 'झाली' ह्या शब्दाचे काय करायचे?

हा पेच केवळ आपल्याच मुलखात पडलेला नाही. स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोम्पोस्तेला म्हणून एक शहर आहे. येशू ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी याकोब यांची समाधी तिथे आहे अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा, आणि त्या समाधीकडे फ्रान्स, पोर्तुगाल व इतर देशांतून माणसे हजार वर्षांहून अधिक काळ पायी येत आहेत. तिथल्या मोठ्या मंदिराचे बांधकाम १०७५ साली सुरू झाले, म्हणजे आपल्या ज्ञानोबारायांच्या जन्माच्या दोनशे वर्षे आधी. पंचवीस जुलै हा त्यांचा उत्सवाचा दिवस. तो रविवारी आला की ते वर्ष विशेष पवित्र मानतात. पुढचे तसे वर्ष २०२७. गळ्यात किंवा पाठीवरच्या पिशवीला एक शिंपला बांधलेला असला की तो यात्रेकरू, हे वाटेवरचे लोक ओळखतात, जसे आपल्याकडे तुळशीची माळ आणि खांद्यावरची पताका बघून ओळखतात. मधल्या काळात ही वाट जवळजवळ मोडली होती. एलियास व्हालिन्या नावाच्या, डोंगरातल्या एका लहान गावच्या पाद्रीबाबांनी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण रंगवायला घेतले आणि वाट पुन्हा चालती केली. हे १९८० नंतरच्या दशकातले. १९८६ साली तिथे नोंद झालेले यात्रेकरू दोन हजारांच्या आत होते, २०२४ साली ते पाच लाखांच्या घरात गेले.

ज्या शहरात हे पाच लाख उतरतात त्याची वस्ती लाखाच्या आसपास. पंढरपूरचीही तेवढीच. पण तिथे चालून येणाऱ्यांखेरीज निव्वळ शहर बघायला येणारे आणखी कितीतरी. जुने दगडी रस्ते आणि कमानी असलेले ते शहर १९८५ साली जागतिक वारसा म्हणून घोषित झाले. मंदिरात मोठे धूपपात्र आहे, त्रेपन्न किलोंच्या आसपास वजनाचे. आठ माणसे दोर ओढतात आणि ते छतापर्यंत झोके घेते. चालून आलेल्या माणसांच्या अंगाचा वास झाकावा म्हणून पूर्वी हे सुरू झाले, असेही तिथे सांगतात. (हे ऐकून आम्हांस वाखरीचा मुक्काम आठवला आणि हसू आले.) ते रोज हलवीत नाहीत, सणावारी हलवतात, नाहीतर कोणी पैसे भरून हलवून घेतो. ते हलताना बघायला मिळाले नाही म्हणून हिरमुसून जाणारे पुष्कळ असतात. तिथल्या रहिवाशांची तक्रार अशी, की शहर आता आमचे राहिले नाही, राहती घरे पाहुण्यांना भाड्याने जातात आणि आमच्या मुलांना जागा मिळत नाही.

ह्या सगळ्यात आम्हांला एक गोष्ट विचार करण्यासारखी वाटली. चालणाऱ्याजवळ एक पुस्तिका असते, तीवर वाटेतल्या मुक्कामांचे शिक्के घ्यायचे. शेवटचे शंभर किलोमीटर पायी, किंवा दोनशे किलोमीटर सायकलने आल्याचे शिक्के दाखवले, की यात्रेकरूंच्या कार्यालयात लॅटिन भाषेतले एक प्रमाणपत्र मिळते. पण ते देण्यापूर्वी विचारतात : कशासाठी आलात? धर्मासाठी, की धर्म आणि आणखी कशासाठी, की धर्माशी संबंध नाही? धर्माशी संबंध नाही म्हणणाऱ्याला ते प्रमाणपत्र देत नाहीत, स्वागताचा दुसरा कागद देतात.

आता कल्पना करा, आषाढीच्या दिवशी महाद्वारी कोणी टेबल मांडून बसला आहे आणि प्रत्येकाला विचारतो आहे, "माऊली, आपण कशासाठी आलात?" आपल्या म्हाताऱ्यांनी त्याला काय सांगितले असते देव जाणे! आपल्याकडे जत्रेला हौशे, नवसे आणि गवसे असे तिन्ही येतात हे आपण पिढ्यान्‌पिढ्या हसत हसत मान्य केलेले आहे. शिवाय ही तीन माणसे वेगवेगळी असतात असेही नाही. नातवासाठी नवस बोललेली आजी बांगड्यांच्या दुकानापुढे हौशीच होते, आणि गर्दीत काही 'गवसतं का' म्हणून आलेला एखादा कीर्तनात मान खाली घालून बसतो. माणसाच्या पोटातला हेतू कागदावर खूण करून कळत नाही. आम्ही त्या परदेशी कार्यालयास नावे ठेवीत नाही. श्रद्धेची जागा राखायची त्यांची ती रीत. मात्र यात्रेकरू कोण आणि प्रेक्षक कोण हे हेतूवरून ठरवू गेले तर हाती काही लागत नाही, असे आमचे मत झाले.

मग बघण्यावरून ठरवावे का? तेही जमत नाही. २०२० सालची आषाढी आठवा. साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. लाखो वारकरी घरी बसले. ज्याच्या हातात मोबाईल होता त्याला श्रींचे दर्शन घरबसल्या होत होते, आणि खरे सांगायचे तर वीस-वीस तास रांगेत उभे राहून जेवढे होते त्याहून जास्त निवांत होत होते. मुकुट दिसला, तुळशीहार दिसला, कानांतली मकरकुंडले दिसली. रांगेत तर 'चला, चला, पुढं चला' म्हणेपर्यंत माथा टेकून उठायचे असते, तिथे डोळे भरून कोण बघतो? पाहणे हेच सर्वस्व असते तर त्या वर्षी कोणालाच काही कमी पडले नसते. पण आमच्या घराघरांत त्या दिवशी काय अवस्था होती ती ज्यांनी सोसली त्यांना ठाऊक आहे. विट्यात एका माऊलीने मोबाईल पालथा घातला आणि म्हणाली, "बघून काय करू? मी आले नाही हे त्येला कळंना व्हय?"

तिच्या ह्या एका बोलण्याने आम्हांस वाट दाखवली. तिला आपण देव बघितला नाही याचे दुःख नव्हते. आपण तिथे नव्हतो, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी आपली जागा रिकामी राहिली, याचे होते. वारी ह्या शब्दातच फेरी आहे. एकदा गेला तो यात्रेला गेला. पुन्हापुन्हा जातो तो वारकरी. आपल्याला प्रमाणपत्र कधी कोणी दिले नाही आणि आपण मागितले नाही, कारण पुरे झाल्याचा दाखला द्यायला ती पुरी व्हावी लागते! पंचवीस वाऱ्या झालेला माणूस सव्विसाव्या वारीला नवखाच असतो. त्याला कोणी विचारावे, "पंढरी बघून झाली का?" तर तो गोंधळून जाईल. स्वतःच्या घराबद्दल असे कोणी विचारतो का?

प्रेक्षकाचे तसे नाही. त्याने यादीवर खूण केली की ते गाव त्याच्यापुरते संपले. उद्या दुसरे गाव. ह्यात दुष्टपणा काही नाही, आम्हीही विजापूरचा गोलघुमट असाच बघून आलो. पण ज्याला परत यायचे नाही त्याचे त्या गावाशी देणेघेणेही राहत नाही, आणि दोषाचे बीज असलेच तर आमच्या मते इथे आहे.

कोणी म्हणेल, मग ज्याला आयुष्यात एकदाच जाणे जमले तो कोण? हा आक्षेप खरा आहे. आमचा खानापूर तालुका दुष्काळी. पूर्वी हा भाग सातारा जिल्ह्यात, १९४९ साली दक्षिण साताऱ्यात गेला आणि १९६० पासून सांगली जिल्ह्यात आहे. जिल्हे बदलले, पाऊस काही बदलला नाही. भिवघाट उतरून आटपाडीवरून पंढरी इथून शंभराहून अधिक किलोमीटर. हातावर पोट असणाऱ्या बाईला दरवर्षी तितके दिवस घर सोडता येत नाही. अशा म्हाताऱ्या आमच्याकडे आहेत, की ज्या उमेदीत एकदाच गेल्या. पण दिंडी निघाली की त्या वेशीपर्यंत येतात, ओच्यातून दहाची नोट काढून विणेकऱ्याच्या हाती देतात आणि "माझं म्हणून नामदेवाच्या पायरीवर वाहा" म्हणतात. त्यांचे परत जाणे असे दरवर्षी होतेच. पाय घरी, पण देणे चालू. त्यांना एकदाच गेलेल्या म्हणण्याची आमची छाती नाही.

आणि उलट बाजूने आमच्या गलाई बांधवांचे उदाहरण घ्या. विटा, खानापूर, आटपाडी ह्या भागातली हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. केरळात, तामिळनाडूत, बंगालात, जिथे सराफ कट्टा तिथे आमचा माणूस. वर्षा-दोन वर्षांनी गावी येतात, रेवणसिद्धाला जातात आणि एका दिवसात गाडीने पंढरी करून परत फिरतात. वडीलबुवांचा रोख अशांवरच होता. त्यांच्यातल्या एकाला आम्ही सरळ विचारले, की बाबा रे, अशी घाईने पोराबाळांना पंढरी दाखवून काय साधतं? तो म्हणाला, "काका, मी बारा महिने दुसऱ्याच्या मुलखात राहतो. पोरं शाळेत तमीळ बोलत्यात. त्यास्नी आपलं म्हणून दाखवायला माझ्याकडं दुसरं हाय काय?"

ह्यावर आम्ही निरुत्तर झालो. पण त्याने पुढे जे सांगितले ते अधिक ऐकण्यासारखे. त्याचे आजोबा दर आषाढीला प्रदक्षिणामार्गाजवळच्या एका जुन्या घराच्या ओसरीवर उतरत. त्याने मुलांना मठ, तलाव, वाडे सारे दाखवले, मुले कंटाळली, "आता पुढं काय?" म्हणू लागली. शेवटी ती ओसरी शोधीत तो गेला. घरातल्या वृद्ध बाईंनी नाव विचारले, गाव विचारले. "विट्याचे होय? तुमच्याकडचे एक पागोटेवाले बाबा यायचे, जाताना स्वतः ओसरी सारवून जायचे." मुलांनी त्या ओसरीवर बसून पाणी प्याले. गलाईवाल्याचे म्हणणे, पोरांनी परत गेल्यावर सांगितले ते त्या ओसरीबद्दलच, बाकी काही त्यांच्या ध्यानात राहिले नाही.

पाहण्याच्या ठिकाणी आणि ह्या ओसरीत फरक कोणता? वाड्याला कोणी ओळखत नाही की आपण कोणाचे कोण. ओसरीने ओळखले, आणि ओळखले ते शेणाने सारवलेल्या जमिनीवरून. आजोबा देवळात किती वेळ उभे राहिले ह्याची नोंद कुठे नाही. ते जाताना काय ठेवून गेले हे मात्र एका परक्या बाईच्या लक्षात राहिले.

विठ्ठलमंदिरात 'चौऱ्याऐंशीचा शिलालेख' म्हणतात तो आपल्यापैकी पुष्कळांनी बघितला असेल. शके ११९५ ते ११९९, म्हणजे इसवी सन १२७३ ते १२७७ ह्या काळातला तो आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो अशी समजूत, त्यामुळे शेकडो वर्षे पाठी घासून घासून तो दगड गुळगुळीत झाला. तिकडे सांतियागोलाही असेच आहे. मंदिराच्या जुन्या दारातल्या एका खांबावर यात्रेकरूंनी हात टेकून टेकून पाच बोटांचे खळगे पडले आहेत. आता तिथे हात लावू देत नाहीत. आपल्याकडेही श्रींच्या चरणांची झीज थांबावी म्हणून मधूनमधून वज्रलेप करावा लागतो. प्रेमानेही दगड झिजतो, हे खरे. पण त्या चौऱ्याऐंशीच्या दगडावर लिहिले काय आहे? देवळासाठी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नावे आणि रकमा. यादवराजा रामदेवराव त्यात आहे, आणि लहानसहान माणसेही आहेत. पंढरी उभी राहिली ती बघून गेलेल्यांच्या बळावर नव्हे. काही ठेवून गेलेल्यांच्या.

इथवर वाचून आपण वारकरी आहोत, प्रेक्षक नाही, असे कोणाला सुख वाटत असेल तर त्याने जरा थांबावे. आषाढी संपली, द्वादशीला पारणे फिटले, दिंड्या परतल्या, की पंढरीत काय उरते? पत्रावळी, प्लॅस्टिकच्या बाटल्या, चंद्रभागेत सोडलेले कपडे आणि जे लिहायला संकोच वाटतो ते सर्व. ते कोण उचलीत आले आहे हे आपणांस ठाऊक आहे. हाताने मैला उचलायला लावणे २०१३ सालच्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही पंढरीतल्या यात्रेनंतर माणसांना ते काम करावे लागते, ही गोष्ट मुंबई उच्च न्यायालयापुढे गेली, न्यायालयाने शौचालये उभारण्याबद्दल सरकारला बजावले आणि वाळवंटात राहुट्या ठोकण्यावर निर्बंध घातले. तेव्हा आपल्यातले कित्येक जण रागावले होते, की परंपरेत कोर्टाने का पडावे. आमचे स्पष्ट मत आहे, की ज्या वाळवंटात संतांनी जातीचा अभिमान सोडून एकमेकांच्या पायांवर डोके ठेवले, तिथे आपल्या मागे एका विशिष्ट जातीच्या माणसाने आपली घाण उचलावी असे गृहीत धरून चालणे, ही परंपरा कोर्टाने मोडण्याआधी आपणच मोडायला हवी होती. त्यानंतर नदीपलीकडे पासष्ट एकरांवर सोयी झाल्या, वाटेवर फिरती शौचालये आली. फरक पडला. सगळा पडला असे मात्र कोणी म्हणू नये.

मंदिराभोवती मोठा रस्ता, कॉरिडॉर, करावा असा बेतही गेल्या काही वर्षांत पुढे आला आणि ज्यांची घरे-दुकाने त्यात जातील त्यांनी विरोध केला. गर्दीत जीव जाऊ नये हे महत्त्वाचेच आहे. त्यातले तांत्रिक बरेवाईट आम्ही सांगत नाही. आमच्या मनात येते ते एवढेच, की मोकळी जागा हवी म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ती ओसरी आठवते?

आणि आता आमच्या गावाबद्दल. २०२१ सालच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विट्याचा देशात पहिला क्रमांक आला. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला. आम्हां सर्वांना अभिमान वाटला आणि वाटावाही. यंत्रमागाच्या खडखडाटात राहणारे हे गाव, पण रस्त्यावर कागद टाकताना माणूस मागेपुढे बघू लागला. का? कारण उद्या सकाळी त्याच रस्त्याने त्यालाच जायचे आहे. तोच विटेकर पंढरीत द्राेण कुठेही भिरकावतो, कारण त्याच्या मनात पंढरी हे बघून यायचे ठिकाण झालेले असते. तोंडाने माहेर म्हणायचे आणि पाहुण्याहून परक्यासारखे वागायचे! माहेरी गेलेली लेक जेवण झाल्यावर पदर खोचून आधी खरकटी उचलते, हे आम्ही बायकांना सांगायला नको. पुरुषांना सांगायला हवे.

गाडगेबाबा (ते १९५६ साली गेले) पंढरीस यात्रेला येत. ते काय बघत? खराटा घेऊन वाळवंट झाडीत आणि रात्री तिथेच कीर्तन करीत. देवळात जाण्याचा त्यांनी कधी हट्ट धरला नाही. चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा मात्र उभी केली, कारण ज्यांना कुठल्याच ओसरीवर जागा नव्हती त्यांनाही परत यायचे होते. बाबांना कोणी विचारले असते, की पंढरीत काय काय बघितलं, तर बहुधा म्हणाले असते की अजून झाडून व्हायचं आहे, बघायला सवड कुठली?

वादावादीचा शेवट काय झाला हे वाचक विचारतील. वडीलबुवा आपल्या मतावर थोडे ढळले. ते म्हणाले, "बघा बाबांनो, मठ बघा, तळं बघा, पण द्वादशीला सकाळी आपल्या दिंडीच्या मुक्कामाची जागा बघायला पोरांना घेऊन जायचं. आपण काय ठेवून निघालोय ते एकदा पोरांनी बघू दे." तरुण गृहस्थांनी ते लगेच मान्य केले. कार्तिकीच्या सामानाची यादी त्याच बैठकीत झाली : टाळ, पखवाज, दोन पेट्या, ताडपत्र्या, पाण्याचे पिंप, आणि नव्याने, बारा खराटे व सहा टोपल्या. खराट्यांचे पैसे दिंडीच्या वर्गणीतून घ्यावे की ज्याने त्याने आपला आणावा, यावर मंडळात अजून एकमत झालेले नाही.